सत्तावीस तुकडे, सव्वीस सांधे

परग्रहावर कुणी असलेच तर त्यांना पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून व्हॉयेजर यानांबरोबर १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीचा, घरी बसून ऐकता येईल असा संच ओझ्मा रेकॉर्ड्सने २०१७ मध्ये काढला. त्या तबकडीबद्दल आजवर जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक अवकाशाबद्दल आहे. मला त्यातले विज्ञान बेताचेच कळते. मी रेडिओवर रात्रीचा मिश्र संगीताचा कार्यक्रम करते, त्यामुळे या संचाकडे मी एक यादी म्हणूनच पाहू शकले : २७ तुकडे, सुमारे ८७ मिनिटे, आणि मध्ये बोलायला कोणीही निवेदक नाही. जाहिराती आणि बातम्या वजा केल्या तर माझ्या दोन तासांच्या कार्यक्रमात जेमतेम एवढेच संगीत बसते, म्हणून तुलना करण्याचा मोह आवरला नाही. पुढचे परीक्षण म्हणजे तीन रात्री ऐकताना वहीत उतरवलेल्या टिपणांना दिलेले थोडे नीटनेटके रूप आहे.

मिश्र यादी करणाऱ्याला गाणी मिळवणे अवघड जात नाही. चांगली गाणी सगळ्यांच्याच संग्रहात असतात. अडचण सुरू होते ती एक संपून दुसरे सुरू होताना. पहिल्याचा शेवटचा स्वर अजून कानात रेंगाळत असतो, आणि त्याच्यावर दुसऱ्याची लय, पट्टी, भाषा, ज्या खोलीत ते वाजले त्या खोलीचा घुमारा, असे सगळे एकदम येऊन आदळते. माझ्या वहीत म्हणून प्रत्येक कार्यक्रमासाठी दोन रकाने असतात. डावीकडे रचनेचे नाव आणि वेळ, उजवीकडे तिच्यानंतरच्या सांध्याबद्दलचा शेरा : ‘पट्टी तीच’, ‘दोन्हीकडे एकटे वाद्य’, ‘श्वास घेऊ द्यावा’, ‘बोलून सोडवणे’. यातला शेवटचा शेरा पराभवाचा असतो, कारण जोड जमला नाही की निवेदक तोंड उघडतो आणि दोन वाक्यांची फळी टाकून श्रोत्याला पलीकडे नेतो. सोनेरी तबकडीच्या यादीला ही सोय नाही. तिचा श्रोता कोण, त्याला कान आहेत की नाहीत, हेही ठाऊक नसताना ती केलेली आहे. तेव्हा या यादीचा कस तिच्या २६ सांध्यांवरच लागायला हवा, असे ठरवून मी ऐकायला बसले.

संचाच्या रूपाबद्दल थोडक्यात. मोठ्या पेटीत पारदर्शक सोनेरी रंगाच्या तीन तबकड्या आणि ९६ पानांचे कठीण बांधणीचे पुस्तक आहे. या पेटीला २०१८ मध्ये मांडणीसाठीचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच होते. आवाज मूळ मास्टर टेपांवरून नव्याने उतरवलेला आहे, आणि तो स्वच्छ असूनही धुऊन पुसून निर्जीव केलेला वाटत नाही. जुन्या मुद्रणांतली खरखर जागच्या जागी आहे, याचा मला विशेष आनंद झाला. मात्र यादी म्हणून सलग ऐकायचे असेल तर दोन सीडींची आवृत्ती घ्यावी, असे मी सुचवीन. तीन तबकड्यांच्या सहा बाजू होतात, म्हणजे पाच वेळा उठावे लागते, आणि प्रत्येक वेळी यादी करणाऱ्याने कल्पनाही न केलेला एक नवा सांधा आपण त्यात घालतो. मूळ तबकडीने ही अडचण वेग निम्मा करून सोडवली होती. साधी एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, ही १६⅔ घेते, म्हणजे एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत दुप्पट वेळ मावतो आणि त्या बदल्यात आवाजाचा थोडा तलमपणा सोडावा लागतो. सोबत सुई आणि ती कशी चालवायची याच्या आकृत्याही पाठवलेल्या आहेत. एवढी काळजी घेणारा तबकडीविक्रेता मला भेटलेला नाही.

निवड करणाऱ्यांमध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन, टिमोथी फेरिस, अॅन ड्रुयन, फ्रँक ड्रेक, जॉन लोम्बर्ग आणि लिंडा साल्झमन सेगन ही मंडळी होती. तबकडीची निर्मिती फेरिस यांच्याकडे होती, आणि लोकसंगीताचे थोर संग्राहक अॅलन लोमॅक्स, तसेच संगीतअभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांचा सल्ला त्यांना मिळाला. हाताशी काही महिनेच होते. अमेरिकन रॉक अँड रोल गायक चक बेरीच्या गाण्यावरून झालेला वाद प्रसिद्ध आहे : लोमॅक्स यांना ते पोरवयाचे संगीत वाटले, आणि पृथ्वीवर पोरवयाची माणसे पुष्कळ आहेत असे सेगन यांनी त्यावर सांगितले. असे वाद मी दर आठवड्याला ऐकते, फक्त आमच्याकडे उत्तर देणारा इतका हजरजबाबी नसतो.

संगीताच्या आधी ५५ भाषांतले नमस्कार आणि पृथ्वीवरच्या आवाजांची साधारण १२ मिनिटांची ध्वनिमालिका आहे. नमस्कारांमध्ये मराठी आहे, आणि इतक्या आवाजांच्या गर्दीत आपली भाषा कानावर पडली की मान आपोआप वर होते, हे नाकारत नाही. इंग्रजी नमस्कार ६ वर्षांच्या मुलाच्या आवाजात आहे, आणि सबंध भागात तोच एक वाचून दाखवल्यासारखा वाटत नाही. ध्वनिमालिका ऐकायला गमतीची आहे. दुसऱ्यांदा ऐकायला मी बसले नाही.

आता यादीकडे. पहिला तुकडा बाखच्या दुसऱ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोचा पहिला भाग, कार्ल रिश्टर यांच्या वाद्यवृंदाने वाजवलेला. कार्यक्रमाची सुरुवात म्हणून मीही हेच केले असते : ट्रम्पेट इतक्या वरच्या स्वरांत खेळतो की खोलीतल्या माणसाने हातातले काम खाली ठेवावे. त्याच्यामागे जावा बेटावरच्या राजवाड्यातला गामेलान, म्हणजे मुख्यतः घंटा आणि धातूच्या पट्ट्यांचा वाद्यमेळ, येतो. रचनेचे नाव ‘पुस्पवर्ण’, आणि त्याचा अर्थ फुलांचे प्रकार. मराठी वाचकाला हा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. या दोन तुकड्यांमध्ये खंड, शतक, स्वरांची जुळणी, काहीच समान नाही, तरी सांधा पक्का बसला आहे. बाखच्या रचनेत चार वाद्ये आपापली वाट धरून चालतात आणि तरी एकमेकांत अडकत नाहीत. गामेलानमध्येही खालचे मोठे घंटानाद सावकाश पडत असतात आणि वरचे थर त्यांच्या दुप्पट-चौपट वेगाने भरले जातात. कानाने पहिल्या तुकड्यात जी सवय लावून घेतली, म्हणजे थर सुटे करून ऐकण्याची, तीच दुसऱ्यात उपयोगी पडते. वहीत मी शेरा लिहिला : ‘कान तोच, दार दुसरे’. पुढे जाता जाता सांगायचे तर हे मुद्रण रॉबर्ट ब्राउन यांनीच केलेले आहे, आणि शेवटाकडे केसरबाई केरकरांचे नाव सुचवणारेही तेच.

इथून पुढे मात्र यादी काही काळ घाईत धावते. पश्चिम आफ्रिकेतले तालवादन, काँगोच्या जंगलातले मुलींचे गाणे, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींची दोन गाणी असे तीन तुकडे मिळून साडेचार मिनिटांत संपतात, आणि त्यांच्यामागे मेक्सिकोचा मारियाची वाद्यमेळ, चक बेरी आणि न्यू गिनीतले पुरुषांच्या घरातले गाणे रांगेने उभे आहेत. या पट्ट्यात मला यादी करणाऱ्याच्या कानापेक्षा त्याच्या भिंतीवरचा नकाशा अधिक जाणवला. एक खंड झाला, आता दुसरा. मारियाचीकडून चक बेरीकडे जाणे सोपे आहे, कारण तारा छेडण्याचा उत्साह दोन्हीकडे सारखाच. पण चक बेरीचे गिटार थांबल्यावर न्यू गिनीतले ते गंभीर गाणे असे येते, की गाडीने वळणावर आचका दिल्यासारखे होते. असा धक्का मुद्दाम देता येतो. मीही देते, पण मग त्या धक्क्यानंतर श्रोत्याला सावरायला वेळ द्यावा लागतो. १ मिनिट २० सेकंदांत तो सावरायच्या आतच आपण जपानमध्ये पोहोचलेले असतो.

आणि जपानपासून यादी पुन्हा आपल्या योग्यतेला येते. नववा तुकडा गोरो यामागुची यांनी वाजवलेला शाकुहाची, म्हणजे बांबूची उभी बासरी. विषय सारस पक्ष्यांच्या घरट्याचा. पाच मिनिटांच्या आसपास एक माणूस, एक नळी आणि त्याचा श्वास. स्वर लागायच्या आधीची फुंकर आणि स्वर विरल्यानंतरची हवा हे दोन्ही संगीताचाच भाग म्हणून ऐकू येतात. त्याच्यानंतर आर्थर ग्रुमियो यांच्या व्हायोलिनवर बाखची एक गावोत, म्हणजे नाचाची चाल. पुन्हा एकटे वाद्य, पुन्हा साथ नाही, पण श्वासाची जागा आता गजाने घेतलेली आहे, आणि मघाशी जी लय जवळजवळ नव्हतीच तिचे आता टुमदार नाच करणारे पाय झाले आहेत. लगेच मोझार्टच्या ऑपेरातली रात्रीची राणी येते. एडा मोझर यांचा आवाज वरच्या एफ स्वरावर टाचणीच्या टोकासारखा टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो. आणि या सर्वांत उंच बायकी आवाजाच्या पाठोपाठ जॉर्जियातल्या पुरुषांचे समूहगान, ‘चाक्रुलो’, ज्यात तळाशी एकच स्वर धरून राहिलेला जाड खर्ज आहे आणि त्यावर दोन गायक एकमेकांना आव्हान दिल्यासारखे चढत जातात. श्वास, गज, शिखर, पाया : सव्वीसपैकी हे तीन सांधे मी माझ्या वहीत अधोरेखित केले, आणि पुढच्याच आठवड्यात कार्यक्रमात जसेच्या तसे उचलले. बदल एकच केला. राणी आणि चाक्रुलो यांच्यात मी तीन सेकंद शांतता ठेवली, कारण रेडिओवर आवाजाची पातळी यंत्राने सपाट केली जाते, आणि ती उंची उतरायला कानाला थोडा अवधी लागतो.

पेरूचे पॅनपाइप (ओळीने बांधलेल्या नळ्यांचा पावा), लुई आर्मस्ट्राँगचा ‘मेलँकली ब्लूज’, अझरबैजानचा मुघाम आणि स्ट्राविन्स्कीचे बळीनृत्य यांवर फार रेंगाळत नाही, पण एक गोष्ट नोंदवायला हवी. अझरबैजानचा तुकडा मूळ यादीत बॅगपाइप म्हणून नोंदला गेला होता, प्रत्यक्षात वाजते ते बालाबान, जाड पातीचे आणि मधाळ आवाजाचे सुषिर वाद्य. तसेच सेनेगल म्हणून नोंदलेले तालवादन बेनिनमधले निघाले. नव्या संचाच्या पुस्तकामागे बरेच शोधकाम झाले आहे आणि जुन्या नोंदींतल्या चुका त्यात निस्तरल्या आहेत. घाईत केलेल्या क्यू शीटमध्ये, म्हणजे कार्यक्रमातल्या तुकड्यांच्या क्रमवार नोंदीत, काय होते हे मला चांगले माहीत असल्याने मी यावर अधिक तोंडसुख घेणार नाही. वाद्याचे नाव चुकले म्हणून सांधा चुकत नाही. आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटचा भरड, बोलका स्वर आणि बालाबानचा तसाच बोलका स्वर एकमेकांच्या शेजारी बसवणाऱ्याचा कान शाबूत होता, लेबल काहीही म्हणो.

संपूर्ण यादीतला तांत्रिकदृष्ट्या सर्वांत देखणा जोड सतराव्या आणि अठराव्या तुकड्यांमध्ये आहे. ग्लेन गूल्ड पियानोवर बाखचा सी मेजरमधला प्रिल्यूड आणि फ्यूग वाजवतात, आणि तो शांतपणे, कुठलाही गाजावाजा न करता आपल्या मूळ स्वरावर येऊन बसतो. त्यानंतर बीथोवनची पाचवी सिम्फनी, ऑटो क्लेम्परर यांच्या हाताखाली, सी मायनरमध्ये. म्हणजे षड्ज तोच राहिला आणि त्यावरचा गंधार कोमल झाला. आपल्याकडच्या श्रोत्याला यापेक्षा वेगळे समजावून सांगायला नको. शिवाय स्वरलिपीत पाहिले तर या सिम्फनीची सुरुवात त्या जगप्रसिद्ध चार स्वरांनी होत नाही, ती एका छोट्या विरामाने होते. वाद्यवृंद आधी गप्प बसतो आणि मग तुटून पडतो. त्यामुळे गूल्डच्या शेवटच्या स्वरानंतरची शांतता नेमकी कुठे संपली आणि बीथोवनची लिहिलेली शांतता कुठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. मी तो जोड पाच वेळा मागे नेऊन ऐकला. पाचव्या वेळी शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.

गाऱ्हाणे सांगायचे तर ते मिनिटांचे आहे. स्टॉपवॉच ही आमची जुनी खोड, म्हणून बेरीज केली. बाखला तीन जागा, बीथोवनला दोन, त्याखेरीज मोझार्ट, स्ट्राविन्स्की आणि होलबोर्न, असे युरोपीय परंपरेतल्या लिखित संगीताचे ८ तुकडे मिळून ३५ मिनिटे भरतात. उलट एका मिनिटाच्याही आत संपणारे ४ तुकडे आहेत : काँगोतल्या मुलींचे गाणे, पेरूचे पॅनपाइप, नवाहो लोकांचा रात्रमंत्र आणि पेरूमधलेच लग्नाचे गाणे. या चौघांची एकत्र लांबी ३ मिनिटे २३ सेकंद होते, म्हणजे केसरबाईंच्या एका भैरवीपेक्षा ७ सेकंद कमी. मिश्र यादीत सगळ्यांना समान वेळ द्यावा असे माझे म्हणणे नाही. काही गोष्टी अर्ध्या मिनिटात पूर्ण होतात. पण नवाहोंचा रात्रमंत्र हा मुळात कित्येक रात्री चालणाऱ्या विधीतला आहे, आणि त्याचे ५७ सेकंद ऐकवणे म्हणजे दार उघडून लगेच लावून घेणे होय. लग्नाच्या गाण्याचे ३८ सेकंद तर आणखी टोचतात. फार लहान वयात लग्न लावून दिलेल्या मुलीची ती तक्रार आहे. आवाज कोवळा आणि सरळ, त्यात कसलीही कलाकुसर नाही. ती जेमतेम सांगू लागते आणि थांबते. बीथोवनच्या सिम्फनीतले एखादे मिनिट कमी करून ते हिला द्यावे, असे वाटले खरे, पण बीथोवनचे मिनिट कसे कापायचे हे मलाही सांगता येणार नाही. माझ्या स्वतःच्या कार्यक्रमांतही हेच घडते : ज्याच्या रचनेला आरंभ-शेवट छापून मिळालेला असतो त्याला पूर्ण वेळ मिळतो, आणि ज्याचे गाणे कुणीतरी अंगणात उभे राहून टिपून आणलेले असते ते आम्ही सोयीनुसार छाटतो.

याच पट्ट्यात एक सांधा लांबवरचा आहे आणि तो पहिल्यांदा ऐकताना माझ्याकडून निसटला. तेरावा तुकडा पेरूच्या पॅनपाइपचा, बाविसावा सॉलोमन बेटांच्या पॅनपाइपचा. मध्ये अख्खा प्रशांत महासागर, आणि यादीतही मध्ये आठ तुकडे. जवळजवळ ठेवले असते तर ते शालेय तक्त्यासारखे झाले असते. अंतर ठेवल्यामुळे दुसऱ्या वेळी तो आवाज ऐकला की ‘हे कुठेतरी ऐकले आहे’ असे वाटते, आणि हे वाटणे कुठल्याही निवेदनापेक्षा मोलाचे असते.

शेवटचे चार तुकडे हा या यादीचा प्राण आहे. चोविसावा तुकडा चिनी गुचिनचा, ग्वान पिंगहू यांनी वाजवलेला ‘वाहते ओढे’. ७ मिनिटे ३७ सेकंद, म्हणजे सबंध यादीत सर्वांत लांब. गुचिन हे मंद आवाजाचे तंतुवाद्य आहे. डावा हात तारेवरून सरकत राहतो आणि स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागी घसरत जातो. आपण ज्याला मींड म्हणतो तीच ही, आणि मराठी कानाला या वाद्याशी ओळख करून घ्यायला अर्धे मिनिटही लागत नाही. या रचनेशी चीनमध्ये एक कथा जोडलेली आहे : बोया नावाचा वादक आणि झोंग झिची नावाचा श्रोता, जो वादकाच्या मनात डोंगर आहे की पाणी हे नुसते ऐकून ओळखत असे. श्रोता वारल्यावर बोयाने आपले वाद्य मोडून टाकले. रेडिओवर ही कथा सांगताना मला नेहमी थोडे संकोचल्यासारखे होते.

त्या सरकणाऱ्या तारेनंतर केसरबाईंचा आवाज येतो, आणि इथे सांधा जाणवतच नाही. तारेने जे करता करता सोडले ते गळा उचलतो. ‘जात कहाँ हो’, राग भैरवी, ३ मिनिटे ३० सेकंद. एकट्या निघालेल्या यानाला ‘कुठे निघालीस’ असे विचारणारी चीज मिळाली, ही गंमत इतक्यांनी लिहिली आहे की तिच्यात आता दम उरलेला नाही, म्हणून मी गाण्याबद्दलच सांगते. अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत १९२१ पासून घडलेला हा आवाज खुल्या आकाराचा आहे. तो कुठेही मिटत नाही, कुठेही लाडात येत नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूत जेवढे मावायचे तेवढ्यात भैरवी मांडायची आहे, याची जाणीव पहिल्या आलापापासून आहे, पण घाई नाही. तान येते ती सरळ चढत-उतरत नाही, वळसे घेत, मागच्या स्वराला पुन्हा स्पर्श करत पुढे जाते. आणि समेवर येताना आवाजाचे वजन कणभरही हलत नाही. ब्राउन यांनी या मुद्रणाची भलामण केली तेव्हा ते बाजारात सहजी मिळत नव्हते, आणि शोधता शोधता त्याच्या प्रती न्यूयॉर्कमधल्या एका विद्युत उपकरणांच्या दुकानात सापडल्या. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. केसरबाई १६ सप्टेंबरला वारल्या.

भैरवी झाली की मैफल संपली, हा आपला रिवाज यादी करणाऱ्यांच्या मनात होता की नाही हे मला पुस्तकातून कळले नाही, आणि नसला तरी चालेल, कारण त्यांनी भैरवीनंतर जे ठेवले आहे ते भैरवीला शोभणारे आहे. ब्लाइंड विली जॉन्सन यांनी १९२७ च्या डिसेंबरात डॅलसमध्ये मुद्रित केलेल्या या तुकड्यात गिटारच्या तारेवर काहीतरी सरकते आहे आणि त्याच्यासोबत एक माणूस गुणगुणतो, कण्हतो, हुंकार देतो. शब्द एकही नाही. सरकणारा स्वर गुचिनमधून केसरबाईंकडे आणि तिथून थेट या गिटारवर आलेला आहे. आणि त्याच्यानंतर शेवटचा तुकडा : बीथोवनच्या तंतुवाद्यांसाठीच्या तेराव्या चौकडीतली काव्हातिना, बुडापेस्ट चौकडीने वाजवलेली. काव्हातिना या इटालियन शब्दाचा अर्थ छोटे गाणे असा होतो. हे चार वाद्यांनी म्हटलेले गाणे आहे, आणि मध्यावर एके ठिकाणी पहिले व्हायोलिन अडखळते, स्वर तुटक तुटक येऊ लागतात, तिथे बीथोवनने ‘घुसमटल्यासारखे’ अशा अर्थाची सूचना लिहून ठेवली आहे. आता हे चार तुकडे ओळीने पाहावेत. आधी गळ्यासारखी बोलणारी तार. मग शब्द घेऊन आलेला आणि आकारात शब्द सोडत गेलेला गळा. मग शब्दांवाचूनचा गळा. मग गळ्यावाचूनचे गाणे. एकेक वस्तू हातातून खाली ठेवत जावे तशी ही उतरण आहे. माझ्या वहीच्या उजव्या रकान्यात या तीन सांध्यांसमोर शेरा नाही. तिथे फक्त एक सलग उभी रेघ आहे.

आणि हेच मी एकदा बिघडवले, तेही थेट प्रसारणात. हे चारही तुकडे रात्रीच्या कार्यक्रमात लावले होते, काच-खिडकीपलीकडे तंत्रज्ञ निवांत बसला होता, आणि केसरबाईंची भैरवी संपताच मला वाटले की ऐकणाऱ्याला पुढच्या गायकाची ओळख करून द्यायला हवी. माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याची सरकपट्टी, वर केला आणि तीस सेकंद बोलले : आंधळा होता, गरिबीत गेला, वगैरे. सगळे खरे होते. बोलत असतानाच लक्षात आले की खोलीतली हवा बदलली आहे, आणि गिटार सुरू झाले तेव्हा ते मघाच्या स्वरावर न येता माझ्या शेवटच्या वाक्यावर आले. दुसऱ्या दिवशी एका नियमित श्रोत्याचा एका ओळीचा निरोप होता : ‘काल मध्ये बोलायला नको होते.’ तो निरोप वहीत डकवून ठेवला आहे.

संचातल्या पुस्तकाबद्दल एकच सूचना. रचना, मुद्रण, संग्राहक यांची माहिती त्यात भरपूर आहे, छायाचित्रे उत्तम आहेत. पण ही यादी याच क्रमाने का लावली, कोणता तुकडा कशाच्या शेजारी आधी होता आणि मग का हलवला, याबद्दल मला आणखी वाचायला आवडले असते. निवडीचे वाद सगळे सांगतात. क्रमाचे वाद अधिक रंजक असतात, आणि ते निश्चितच झाले असणार, कारण सी मेजरनंतर सी मायनर आणि भैरवीनंतर हुंकार हे योगायोगाने होत नाही. संच घ्यावा का, तर घ्यावा. वर म्हटल्याप्रमाणे ऐकण्यासाठी सीडी, आणि पाहण्या-दाखवण्यासाठी पेटी. क्रम बदलून वाजवण्याचे बटण ज्या यंत्रावर असेल, त्या यंत्रावर ते बंद आहे याची खात्री करून मगच सुरू करावा.

आता राहिला तो सत्ताविसावा सांधा, जो यादीत नाही. काव्हातिना संपल्यावर काय लावायचे? घरी ऐकणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, तो दिवा मालवतो. रेडिओवर मात्र काहीतरी यावेच लागते. मी एकदा एकट्या सरोदचा आलाप लावून पाहिला, तो उसना वाटला. एकदा पुन्हा शाकुहाची लावली, ती आधी ऐकवलेलीच असल्याने घड्याळ उलटे फिरवल्यासारखे झाले. एकदा जाहिरात लागली, त्याबद्दल न बोललेले बरे. गेल्या वेळी वेळ अशी जुळवून आणली की शेवटचा स्वर विरायला आणि तास भरायला एकच गाठ पडावी. फेडर खाली घेतला, दोन सेकंद काहीच वाजू दिले नाही, आणि मग वेळेचे ठोके पडले.